भाऊ ख्रिश्चन व्हायचं म्हणतोय, मोठेबाबा तक्रारीवर आईची सही मागतायत, काय करावं?

संत्राबाग (प्रश्न)

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरला राहते, माहेर सौंसर तालुक्यातलं. म्हणजे मध्य प्रदेश, पण घरात दारात शेतात सगळं मराठीच. आधी छिंदवाडा जिल्हा होता, २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा झालाय. हे आधीच सांगते कारण नियम तिकडचे लागणार आणि इथे बरेच जण महाराष्ट्राचं धरून उत्तर देतील.

माझा लहान भाऊ ३१ वर्षांचा आहे, लग्न झालंय, पाच वर्षांची मुलगी आहे. बाबा गेले तेव्हापासून तो प्यायला लागला, सहा वर्षं घर कसं चाललं ते आमचं आम्हाला माहीत, बागेतला अर्धा बहार तर व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेऊन संपवलेला असायचा. मागच्या वर्षी एका मित्राबरोबर शेजारच्या गावात प्रार्थनेला जायला लागला, एका घराच्या पुढच्या खोलीतच भरते, पंधरा-वीस माणसं असतात. आता चौदा महिने झाले, थेंब नाही घेतला त्याने. आणि आता म्हणतो, ताई मला बाप्तिस्मा घ्यायचाय.

महालक्ष्म्यांना मी गेले होते. केळीची पानं त्यानेच आणली, मखर त्याने बांधलं, पाणी भरलं, आईला एक जड भांडं उचलू दिलं नाही. पण पूजेला बसायची वेळ झाली तर बाहेर ओट्यावर जाऊन बसला. बाबांच्या मागे घरचा पुरुष म्हणून तोच बसायचा, नशेत असला तरी बसायचा. मग माझ्या नवऱ्याने पूजा केली. आईने नैवेद्याचं ताट त्याच्यासाठी काढून झाकून ठेवलं, पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या सगळं, ते रात्री तसंच झाकलेलं होतं. आई मला म्हणाली, "दारू बी त्यानंच सुटली अन् देव बी त्यानंच सुटला, मी आता कोणाले काय म्हणू?"

आता खरा प्रश्न. आमचे मोठेबाबा (बाबांचे मोठे भाऊ) वकिलाच्या टायपिस्टकडून एक अर्ज टाइप करून घेऊन आले. त्यात लिहिलंय की पास्टरने पैशाचं आणि औषधपाण्याचं आमिष दाखवून भावाचं धर्मांतर चालवलंय. सही आईची पाहिजे, नाहीतर माझी. मोठेबाबांची चालत नाही म्हणे. भाचीला डेंग्यू झाला होता तेव्हा त्या प्रार्थनेच्या लोकांनी दोन हजार रुपये जमवून दिले होते आणि रक्त द्यायला दोन पोरं आली होती, एवढंच खरं आहे. ते मोठेबाबा आमिष म्हणतात. सही नाही केली तर घराशी येणंजाणं बंद, भाचीच्या लग्नात कोण उभं राहतं बघू, असंही म्हणून गेले. शिवाय म्हणतात की त्याचा बागेतला हिस्सा जाणार.

माझं मन सांगते, मला स्वतःला भावाचं हे पटत नाहीये, रात्र रात्र झोप नाही. पण खोट्या कागदावर सही कशी करू? आणि नाही केली तर आईला एकटीला गावात राहायचंय. कायद्याने नेमकं काय होतं, कोणाला शिक्षा होते, भावाला काही होईल का, ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा प्लीज.

काळाकोट_नागपूर

ताई, मी वकिली करतो, नागपूरला असलो तरी सौंसर-पांढुर्ण्याच्या केसेस येतात म्हणून तिकडचा कायदा वाचलेला आहे. सविस्तर लिहितो, सावकाश वाचा आणि आईंनाही वाचून दाखवा.

तुमच्याकडे लागू आहे तो मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम २०२१. त्याआधी १९६८ चा होता, त्यात बळजबरीने, फसवून किंवा आमिष दाखवून धर्मांतर केलं तर शिक्षा एक वर्षापर्यंत आणि दंड पाच हजारापर्यंत, बाई, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर दोन वर्षं आणि दहा हजार. नव्या कायद्यात ते एक ते पाच वर्षं आणि किमान पंचवीस हजार झालं, आणि बाई, अल्पवयीन, अनुसूचित जाती-जमाती असेल तर दोन ते दहा वर्षं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, चालतो सेशन कोर्टात.

मोठेबाबांची सही का चालत नाही ते बघा. कलम ४ प्रमाणे पोलिसांना चौकशी करायची तर लेखी तक्रार पाहिजे, आणि ती करू शकतो ज्याचं धर्मांतर झालं किंवा करायचा प्रयत्न झाला तो स्वतः, त्याचे आईवडील, किंवा सख्खे भाऊबहीण. बाकीच्या नातेवाइकांना कोर्टाची परवानगी लागते. त्यामुळे सगळा भार तुमच्या आणि आईंच्या सहीवर आलाय, तुम्ही दोघी नाही म्हणालात तर तो अर्ज तिथेच थांबतो. उत्तर प्रदेशात २०२४ च्या दुरुस्तीनंतर कोणीही तक्रार करू शकतो, तुमच्याकडे तसं नाही.

सही केली तर काय? आरोपी भाऊ होत नाही, पास्टर होतो आणि त्याला मदत करणारे. म्हणजे ती रक्त द्यायला आलेली पोरंसुद्धा ओढली जाऊ शकतात. भाऊ होतो पीडित, त्याला पोलिसांसमोर आणि मग कोर्टात उभं राहून सांगावं लागणार की मला कोणी फसवलं नाही. आणि कलम १२ प्रमाणे फसवणूक किंवा आमिष नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर आहे. एरवी फौजदारी कायद्यात गुन्हा झाला हे सरकारने सिद्ध करायचं असतं, इथे उलट आहे, हे मला वकील म्हणून पहिल्यापासून खटकतं.

"आमिष" या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. भेटवस्तू, रोख पैसे, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नावाजलेल्या शाळेत शिक्षण, चांगलं राहणीमान, एवढंच काय, ईश्वरी कृपेचं आश्वासनसुद्धा. आता देवाची कृपा होईल असं कोणता धर्म सांगत नाही? दोन हजार रुपये डेंग्यूच्या मुलीला दिले ते आमिष की माणुसकी हे कागदावर वेगळं दिसत नाही, ते तुम्हालाच माहीत आहे. म्हणून तुमची साक्ष इतकी महत्त्वाची आहे. जे घडलंच नाही ते लिहून देऊ नका. खोटी तक्रार देणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे आणि सही तुमची असेल, मोठेबाबांची नाही.

अजून एक नीट लक्षात घ्या. भावाबरोबर त्याच वेळी वहिनींनी किंवा त्या मित्राने बाप्तिस्मा घेतला तर दोन माणसं झाली, आणि दोन किंवा जास्त माणसं एका वेळी म्हणजे या कायद्यात सामूहिक धर्मांतर, पाच ते दहा वर्षं आणि किमान एक लाख दंड. नवराबायको बरोबर गेले तरी सामूहिक!

कलेक्टरकडचं असं आहे. कलम १० सांगतं की धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी कलेक्टरला लिहून द्यायचं की मी स्वतःच्या मर्जीने करतोय, आणि धर्मगुरूनेही ६० दिवस आधी वेगळी सूचना द्यायची. धर्मगुरूने नाही दिली तर त्याला तीन ते पाच वर्षं. या कलमावर जबलपूर हायकोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अंतरिम आदेश दिला, प्रथमदर्शनी हे कलम घटनाबाह्य दिसतं म्हणून त्याखाली सक्तीची कारवाई करू नका असा. पण अंतरिम म्हणजे अंतरिम. पाऊल उचलायच्या आधी त्या दिवशीची स्थिती तपासून घ्यावीच लागते.

बागेचा हिस्सा. मोठेबाबा चुकीचं सांगतायत. धर्म बदलला म्हणून भावाचा वारसा हक्क जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६ आहे, पण ते धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांबद्दल आहे, त्यांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही. भाची आधीच जन्मलेली आहे, तिला ते लागत नाही. वहिनींना मात्र हे माहीत असावं की नवऱ्याने धर्म सोडला तर त्यांना घटस्फोट मागता येतो, वेगळं राहून पोटगीही मागता येते, आणि हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे हिंदू न राहिलेल्या बापाचा नैसर्गिक पालक म्हणून हक्क जातो. हे भावाला कोणी सांगितलंय का? पास्टरने सांगितलं असेल असं वाटत नाही. त्याला बसवून हे सांगा.

रामटेक_रोड

वकीलसाहेबांनी कायद्याची माहिती चांगली दिली पण कायदा का करावा लागला ते नाही सांगितलं. मी कायद्याच्या बाजूचा आहे आणि स्पष्ट सांगतो.

हे काल परवाचं नाही. १९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी आपलं नागपूर होतं, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली होती. समितीत एक ख्रिस्ती सदस्यही होते. चौदा जिल्ह्यांत फिरले, अकरा हजारांवर लोकांना भेटले आणि १९५६ ला अहवाल दिला. त्यात कर्ज देऊन बांधून घेणं, शाळा आणि दवाखान्यांचा धर्मांतरासाठी वापर, कोर्टकचेरीत मदत करून मग चर्चकडे वळवणं, हे सगळं लोकांच्या तोंडून आलंय. चर्चवाल्यांनी तो एकतर्फी म्हणून नाकारला, पण ती माणसं काही हवेतून बोलली नाहीत. १९६७ ला ओडिशाने आणि १९६८ ला म.प्र. ने कायदा केला तो या पार्श्वभूमीवर.

ताई तुमच्या भावाची दारू सुटली याचा मला मनापासून आनंद आहे, माझा स्वतःचा चुलता त्यातच गेला. पण प्रश्न हा की माणूस मोडलेला असताना, बाप गेलेला, कर्ज डोक्यावर, पोरगी आजारी, त्याच वेळी हे लोक कसे काय बरोबर दारात येतात? त्या अवस्थेत घेतलेला निर्णय हा मोकळ्या मनाचा निर्णय असतो का? बुडणाऱ्याला हात द्या ना, पण हात देताना त्याचे कुळाचे देव कशाला सोडायला लावता. महालक्ष्म्यांच्या पूजेला न बसणं हे त्याला आपोआप सुचलं का कोणीतरी सांगितलं, हे विचारा एकदा. मूर्तीला हात जोडणं पाप आहे असं शिकवलेलं असतं. तुमच्या आईचं ताट झाकलेलं राहिलं त्याला कोणीतरी जबाबदार आहे.

खोट्या कागदावर सही करू नका यात मी वकीलसाहेबांशी सहमत. खोट्या केसेसनी खऱ्या केसेस मरतात. पण कायदाच वाईट असं म्हणू नका, ज्या गरिबाला कोणी विचारणारं नाही त्याला तोच आधार आहे.

नगरी_पाव्हणा

मी ख्रिश्चन आहे, नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर म्हणतात), आमची चौथी पिढी. रामटेक_रोड दादा, तुम्ही नीट भाषेत लिहिलंय म्हणून नीट भाषेत उत्तर देतो.

आमचे पणजोबा मांगवाड्यातले. त्यांनी चर्चचा रस्ता धरला तेव्हा गावाच्या विहिरीवर पाणी भरायला बंदी होती, मिशनच्या शाळेत मात्र बाकावर बसवलं. आता हे आमिष म्हणायचं का? बाकावर बसायला मिळणं हे? मला आजपर्यंत शाळेत, कॉलेजात, पहिल्या नोकरीत, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी विचारलंय की तुमच्या लोकांना किती पैसे मिळाले होते. माझ्या आजीने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलं आणि पत्र्याच्या घरात वारली. आणि मिळालं काय म्हणाल तर अनुसूचित जातीची सवलत गेली. १९५० च्या आदेशात ती हिंदूंना होती, १९५६ ला शिखांना दिली, १९९० ला बौद्धांना, ख्रिश्चनांना नाही. आमच्यातल्या किती घरांत दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा असं चालतं ते मला माहीत आहे, ते बरोबर आहे असं मी म्हणत नाही, नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानेही त्यावर कडक शब्दांत निकाल दिलाय. पण आमच्या अंगाची जात गावाने कधी काढून घेतली नाही, कागदाने तेवढी काढली.

तरी रामटेक_रोड दादांचा एक मुद्दा मला मान्य आहे आणि आमच्या लोकांनी तो ऐकावा असं मनापासून वाटतं. नवीन निघालेल्या काही प्रार्थनागटांत पहिल्याच महिन्यात देव्हारा काढा, टाक नदीत सोडा, प्रसाद खाऊ नका असं सांगतात. आमच्या जुन्या चर्चमध्ये आम्ही पोळ्याला बैल सजवतो, गव्हाणीच्या गाण्याला भजनाची चाल लावतो, बायका मंगळसूत्र घालतात. आईचं मन मोडून देव भेटत नाही, हे त्या पास्टरला कोणीतरी सांगायला पाहिजे.

ताई तुमच्यासाठी एक सांगतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० ला. मधली पाच वर्षं काय गेली असतील त्या बाईवर, आधी नातेवाइकांकडे राहिल्या, मग नवऱ्याजवळ आल्या तरी स्वतःचा धर्म पाळत राहिल्या. घर त्या पाच वर्षांत फुटलं आणि परत जुळलंही, आणि ते कोणत्या कलेक्टरने नाही जुळवलं. तुमच्या वहिनींना आणि आईला तेवढा वेळ मिळू द्या. भावाला म्हणा घाई करू नको, देव कुठे पळून चाललाय.

संत्राबाग

सगळ्यांचे आभार, इतकं मोठं लिहिलंत. रामटेक_रोड दादा, तुमचं वाचून मी भावाला फोन करून विचारलंच, पूजेला बसू नको असं कोणी सांगितलं का. तो म्हणाला हो, पास्टरने सांगितलं होतं की मूर्तीपुढे बसता येणार नाही, पण ओट्यावर बसून राहिलो ते माझं मी, घर सोडून जा असं तो म्हणाला नव्हता. आणि ताट का नाही खाल्लं तर गप्प बसला. मग म्हणाला, खायचं होतं ताई, भूक पण लागली होती.

हे ऐकून मी रडले फोनवर. नगरी दादा, तुमच्या आजीचं वाचून पण वाईट वाटलं. मला अजून एक विचारायचंय, गावाने वाळीत टाकलं तर काही करता येतं का? मोठेबाबा गावातल्या चार लोकांना बोलले आहेत म्हणे.

कोरचीवाला

मी गोंड आहे, गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यातला, आमची वेस ओलांडली की छत्तीसगड. इथे दोन्ही बाजूचे बोलले, आमची तिसरीच बाजू आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडे नवीन धान आलं की कोणी आधी खात नाही. गायता (गावाचा पुजारी) पेनाला, म्हणजे आमच्या देवाला, वाहतो, मग सगळं गाव एका दिवशी खातं. आमच्या गावात चाळीसेक घरं, त्यातली सहा घरं प्रार्थनेला जायला लागली. त्यांनी धान आधीच खाल्लं. आता शहरातल्या माणसाला वाटेल यात काय एवढं, पण आमच्यात तो दोष सगळ्या गावाला लागतो, पाऊस नाही आला, ढोरं मेली, वाघ आला की बोट त्या सहा घरांकडे जातं. वर्गणी बंद, गावाच्या कामाला येणं बंद. माझा सख्खा चुलतभाऊ त्या सहातला. त्याच्या बापाचं वारलं तेव्हा मातीवरून दिवसभर वाद झाला, प्रेत अंगणात आणि माणसं मांडवात भांडतायत. शेवटी म्हातारे लोक बसले आणि नाल्यापलीकडची एक पट्टी त्यांना दिली. मी स्वतः खड्डा खणायला गेलो, गावाने मला पण चार महिने बोलणं बंद केलं होतं.

आमचं निदान मिटलं. बस्तरात छिंदवाडा नावाचंच एक गाव आहे (ताईंच्या जिल्ह्याशी संबंध नाही), तिथे जानेवारी २०२५ मध्ये एक ख्रिस्ती म्हातारा वारला, गावात माती द्यायला विरोध, प्रेत वीस दिवस शवागारात. पोरगा हायकोर्टात गेला, मग सुप्रीम कोर्टात. तिथेही दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली, एक म्हणाले स्वतःच्या शेतात पुरू द्या, दुसरे म्हणाले नेमलेल्या जागीच. शेवटी प्रेत तसंच पडून राहू नये म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती द्यायचा आदेश झाला. वीस दिवस बापाचं प्रेत ठेवून बसलेल्या पोराचा विचार करा.

आणि घरवापसीवाले येतात ते आम्हाला म्हणतात तुम्ही मूळचे हिंदू. आमचा पेन वेगळा, आमचं लग्न वेगळं, मरण वेगळं, आम्हाला कोणी विचारलं का? वकीलसाहेब, मला असं सांगितलं होतं की कायद्यात परत फिरणं हे धर्मांतर धरतच नाहीत. म्हणजे इकडून तिकडे जायला कलेक्टर आणि तिकडून इकडे यायला फक्त गुलाल, हे खरं आहे का?

तरी मी पास्टर लोकांवर खूष नाही हेही लिहितो. आमच्या पेनाला ते सैतान म्हणतात. माझ्या आजोबांच्या देवाला सैतान म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. कांकेरकडच्या काही गावांनी वेशीवर बोर्ड लावले की पास्टरला बंदी, त्यामागचा राग मला कळतो. पण तो बोर्ड वाचून शाळेत जाणारं त्या सहा घरांतलं पोर कसं चालत असेल तेही मनात येतं.

काळाकोट_नागपूर

कोरचीवाला भाऊ, हो, खरं आहे. म.प्र. च्या २०२१ च्या कायद्यात "पैतृक धर्मात" परत येणं धर्मांतर धरत नाहीत, आणि पैतृक धर्म म्हणजे जन्माच्या वेळी वडिलांचा जो धर्म होता तो. आईचा धर्म धरत नाहीत हेही त्यातच आलं.

ताई, वाळीत टाकण्याबद्दल. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, पण तो तुमच्या माहेराला लागू नाही. तिकडे धमकी, अडवणूक, मारहाण अशी काही गोष्ट झाली तर साधी पोलीस तक्रार. एक गोष्ट मला नेहमी टोचते, १९६८ च्या कायद्यात "बळजबरी" या शब्दात देवाच्या कोपाची आणि सामाजिक बहिष्काराची धमकी दोन्ही धरल्या होत्या. म्हणजे धर्म बदलायला लावण्यासाठी बहिष्काराची धमकी दिली तर गुन्हा. तीच धमकी धर्म बदलू नये म्हणून दिली तर तो कायदा गप्प.

रामटेक_रोड, नियोगी अहवालाचं तुम्ही बरोबर सांगितलंत, आणि १९७७ ला सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस नावाच्या पाद्रीच्या खटल्यात १९६८ चा कायदा वैधही ठरवलाय. तो पाद्री तेव्हाच्या मध्य प्रदेशातला, रायपूर जिल्ह्यातला. कोर्ट म्हणालं की अनुच्छेद २५ मधला प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. ठीक. पण त्याच अनुच्छेदात प्रसाराच्या आधी पहिला शब्द सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य हा आहे, आणि तो त्या भावाचा आहे. २०१२ ला हिमाचल हायकोर्टाने तिथली ३० दिवस आधी सूचना द्यायची अट याच कारणाने रद्द केली होती, की मनात काय श्रद्धा आहे ती सरकारला आधी सांगायची सक्ती का. लहान गावात कलेक्टर कचेरीतला कागद संध्याकाळपर्यंत चावडीवर येतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मोडलेल्या माणसाला जपायला म्हणून केलेला कायदा, आणि पहिला दबाव त्याच माणसावर.

रामटेक_रोड

चावडीचं मान्य. आमच्या ओळखीत एका मुलीचं असंच झालं होतं, कचेरीतूनच बातमी फुटली आणि तिला घरात कोंडलं. सूचना गुप्त ठेवायची सक्ती पाहिजे आणि फोडणाऱ्याला शिक्षा पाहिजे. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ ला पोलीस महासंचालकांची समिती नेमली होती तेव्हाच मी हे एका निवेदनात लिहून दिलं होतं. कायदा हवा या मतावर मी आहेच. ताई, मोठेबाबांशी बोलायला कोणी तिऱ्हाईत हवा असेल तर मी येतो, माझी सौंसरला सोयरीक आहे, ते माझं ऐकतील कदाचित कारण मी त्यांच्याच बाजूचा आहे.

संत्राबाग

रविवारी घरी जाऊन आले, काय झालं ते लिहिते.

वकीलसाहेबांचं सगळं आईला वाचून दाखवलं, सामूहिक धर्मांतराचं आलं तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पहिल्यांदा बोलली, की मला नाही घ्यायचा बाप्तिस्मा, हे मी त्यांना कधीच सांगितलंय, मला कोणी विचारलंच नाही. मला वाटत होतं ती पण त्याच्याबरोबर चाललीय. एका घरात राहून आईला माहीत नव्हतं. भावाला पोटगीचं आणि पालकत्वाचं सांगितलं. पालकत्वाचं ऐकून त्याचा चेहरा उतरला, भाचीला मांडीवर घेऊन बसला बराच वेळ. म्हणाला, हे मला खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

मग आईने त्याला विचारलं, "बाबू, तुले तिथं काय भेटते ते तरी सांग मले." चौदा महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं, मी पण नाही, आम्ही सगळे काय सुटलं तेच विचारत होतो. तो म्हणाला, तिथे पहिल्या दिवशी मी पिऊनच गेलो होतो, वास येत होता तोंडाचा, तरी एका म्हाताऱ्याने शेजारी जागा करून दिली. आणि सगळ्यांसमोर उभं राहून मी सांगितलं की बाबा गेले त्या दिवशी मी दवाखान्यात नव्हतो, दारूच्या दुकानावर होतो. घरात हे कोणाला सांगू शकलो नाही. आई काही बोलली नाही, नुसतं त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला हे माहीत होतं, पहिल्यापासून माहीत होतं, असं मला नंतर म्हणाली.

बाप्तिस्मा तो घेणारच म्हणतो, पण वर्षभर थांबायला तयार झालाय, वहिनीसाठी. आई म्हणते देव्हारा हलणार नाही आणि त्याने पुढच्या महालक्ष्म्यांना जेवायला बसायचं, पूजेला नाही बसला तरी चालेल. तो हो म्हणाला. मी अजूनही मनातून दुःखी आहे, खोटं कशाला सांगू.

अर्जावर आम्ही दोघींनी सही केली नाही. आईने तो घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय. मोठेबाबा पितृपंधरवड्यात बाबांच्या तिथीला येणार आहेत, तेव्हा काय होतं ते बघू. रामटेक_रोड दादा, त्या दिवशी तुम्ही आलात तर फार बरं होईल, जेवायलाच या, भाऊ पण घरी असणार आहे.

वकीलसाहेब, वहिनीला तुम्हाला स्वतः भेटून काही विचारायचंय, आमच्यासमोर नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने आई आणि वहिनी नागपूरला येऊ शकतात, आम्ही तिघी अकराच्या सुमारास आलो तर चालेल का ते कळवा.